पाण्यातले लोखंड

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. आम्हा नाशिककरांनी त्यातली पहिली आज्ञा कधी मनावर घेतली नाही. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि खाली त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात दर्शन देते, हे येथले शाळकरी पोरही सांगेल. पण पाणी कोठून आले हा एक प्रश्न झाला. पाण्यात काय आहे हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना आपली पुराणे रंगून गेली आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मात्र माणसाची शतकांमागून शतके गेली, आणि त्या शोधाच्या वाटेवर अगदी आरंभी उभे आहे ते आपले ओळखीचे, गंजके लोखंड.

अभ्यंगस्नान आटोपून, चकलीचा तुकडा मोडीत अंक चाळणाऱ्या वाचकांना हा विषय किंचित रूक्ष वाटेल. परंतु सकाळी ज्या पाण्याने आपण न्हालो त्या पाण्याची चौकशी सणाच्या दिवशीही अप्रस्तुत म्हणता येणार नाही. शिवाय या कथेतली पात्रे परकी नाहीत. हिरडा, मायफळ, आवळा, चहाची किटली, रंगाऱ्याची कढई अशी ती घरचीच मंडळी आहेत.

आपल्या भाषेने पाण्याची पारख फार पूर्वीपासून केली आहे. गोडे पाणी, खारे पाणी, मचूळ, सवळ, गढूळ, निवळशंख असे किती तरी शब्द तिच्यापाशी आहेत. ‘या पाण्यात डाळ शिजत नाही’ असे सासुरवाशीण माहेरी येऊन सांगे, तेव्हा ती त्या गावच्या पाण्याचा जडपणाच सांगत असे. जीभ, डोळा, नाक आणि चूल ही आपली जुनी प्रयोगशाळा. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त भूमीखालच्या पाण्यावर एक संबंध अध्याय लिहिला आणि विहिरीचे पाणी निवळावे म्हणून तीत टाकायच्या औषधींची यादीही दिली, तीत आवळा आहे आणि निवळीचे बीही आहे. पण या साऱ्या परीक्षांत एक उणेपणा होता. जे पाणी दिसायला स्वच्छ, चवीला बरे आणि वासाला निर्दोष, ते चांगले, असाच निवाडा त्या देत. पाण्यात लपून बसणारेही काही असते, आणि ते बाहेर काढण्यासाठी पाण्याला नीट प्रश्न विचारावा लागतो, ही कल्पना फार उशिरा आली.

नाशिकचे नाते पाण्याशी किती जुने आहे हे पाहायचे तर पांडवलेण्यांची टेकडी चढावी. तेथे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने खोदविलेले लेणे आहे. सुमारे दुसऱ्या शतकातल्या त्याच्या शिलालेखात त्याच्या दानधर्माचे वर्णन आहे, आणि लेण्याबरोबर केलेल्या पाण्याच्या टाक्यांचाही उल्लेख आहे. त्या टाक्यांना लेखात जो शब्द आला आहे तो ‘पोढी’. भिक्षूंना पावसाळ्याचे पाणी वर्षभर पुरावे म्हणून काळ्या दगडात कोरलेल्या या पोढ्या म्हणजे नाशिकच्या साठवलेल्या पाण्याचा पहिला लेखी पुरावा म्हणायला हरकत नाही.

पुढे पंचवटीत रामकुंड आले. चित्रराव खटारकर यांनी १६९६ साली ते बांधले आणि नंतर गोपिकाबाई पेशव्यांनी त्याची दुरुस्ती केली, अशी नोंद आहे. लांबी सुमारे २७ मीटर, रुंदी सुमारे १२. आजच्या एखाद्या बेताच्या जलतरण तलावाएवढेच ते आहे. पण त्यात आणि तलावात एक मोठा भेद आहे. रामकुंड नदीच्या पात्रात आहे. वरून पाणी येते, खालून निघून जाते. नदीला धुवून काढणारी नदीच असते, निदान ती वाहती होती तोवर तसे म्हणता येत असे.

त्या काळी पोहायला शिकायचे ते नदीत नाही तर विहिरीत. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधायचा, कोणाकडे पांगाऱ्याचा हलका ओंडका असायचा, आणि काकाने किंवा मामाने पोराला काठावरून सरळ ढकलून द्यायचे. विसाव्या शतकात शहरे वाढली, आड बुजले, नद्यांत गटारे मिसळली, आणि पोहणे फरशीच्या तलावात आले. १९६५ साली गंगापूर धरण पूर्ण झाले आणि गोदावरीचे पाणी नाशिकच्या वर अडवले गेले. शहरात त्र्यंबक रस्त्यावर स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावाचा जलतरण तलाव झाला. आता उन्हाळ्याच्या सुटीत पोरांच्या झुंडी तेथे जातात.

तलावाचे पाणी वाहत नाही. तेच पाणी गाळून पुन्हा आत सोडायचे आणि शेकडो माणसांनी त्यात उतरायचे, म्हणून त्यात जंतू मारणारे काही तरी घालणे भाग पडते. ते म्हणजे क्लोरीन. इंग्लंडमध्ये मेडस्टन गावी १८९७ साली विषमज्वराची साथ आली असता नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घालण्यात आली. पुढे १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात क्लोरीनचा प्रयोग झाला, आणि मग जगभर तोच रिवाज पडला. आपल्या खेड्यापाड्यांत विहिरीत टाकली जाणारी ‘टीसीएल पावडर’ ही त्याच घराण्यातली.

येथे आपल्या लोखंडाचा प्रवेश होतो, आणि तो मोठा नाट्यमय असतो.

समजा, उन्हाळ्यात नळाचे पाणी अपुरे पडले आणि तलाव बोअरच्या पाण्याने भरला. पाणी काचेसारखे स्वच्छ. तळाच्या निळ्या फरशा मोजून घ्याव्यात. संध्याकाळी नेहमीच्या मापाने क्लोरीन घातले. सकाळी येऊन पाहावे तो तलावात जणू चहा ओतला आहे. देखरेख करणारा घाबरतो, कोणी म्हणते खोडी केली, कोणी म्हणते पावडर भेसळीची. वास्तविक कोणी काही केलेले नसते. जे पाण्यात होतेच ते क्लोरीनने उघडे केले इतकेच.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा, ज्याला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, त्यात शंभर भागांत दहा ते पंधरा भाग लोहाच्या ऑक्साइडांचे असतात. कोकणातला जांभा दगड तांबडा दिसतो तोही लोखंडानेच. म्हणजे आपण महाराष्ट्रीय लोक एका अर्थी लोखंडावरच घरे बांधून राहतो. पण उघड्या, खेळत्या हवेच्या पाण्यात हे लोखंड सहसा विरघळत नाही. नदी दगडांवरून उड्या मारीत येते, तिला भरपूर प्राणवायू मिळतो, आणि प्राणवायू असला की लोखंड गंजाच्या रूपाने जागच्या जागी बसून राहते. जमिनीच्या पोटात, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे मात्र ते हळूहळू पाण्यात उतरते. या विरघळलेल्या रूपाला फेरस म्हणतात; त्याला या प्रमाणात रंग नसतो. पाणी वर आले, त्याला हवा लागली किंवा त्यात क्लोरीन पडले, की फेरसचे फेरिक होते आणि पाण्यात तांबूस गंजाचे बारीक कण तरंगू लागतात. बोअरच्या पाण्याची भरलेली पांढरी बादली रात्रभर ठेवली तर सकाळी तळाशी तांबडी रेघ दिसते, ती हीच. ठिबकच्या बारीक तोट्या गंजाने बुजल्याचा अनुभव काही बागाइतदारांना असतो, त्याचेही कारण हेच.

निवळशंख पाणी आणि निर्दोष पाणी यांत जे अंतर आहे ते लोखंडाने असे दाखवून दिले. मग गंज होण्याची वाट न पाहता, पाणी स्वच्छ असतानाच त्यातले लोखंड ओळखता येईल काय?

या प्रश्नाचे पहिले उत्तर आपल्या स्वयंपाकघरात केव्हाच तयार होते. आवळा विळीवर चिरला की पाते काळे पडते. केळफूल सोलताना हात आणि विळी दोन्ही काळवंडतात. केसांना लावायचा आवळा लोखंडी कढईतच भिजवावा असे आजी सांगते, कारण तेथे तो काळाभोर होतो. बोअरच्या पाण्याचा चहा कधी कधी शाईसारखा दिसतो. या सगळ्यांत एकच व्यवहार चालतो. आवळा, हिरडा, डाळिंबाची साल, चहा यांत तुरट द्रव्य असते. त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा-निळा रंग जन्मतो. आपले रंगारी हे पक्के जाणून होते. हिरड्याच्या काढ्यात कापड बुडवून त्याला हिराकसाची जोड दिली की काळा रंग बसतो. हिराकस म्हणजे लोखंडाचा गंधकी क्षारच. शाईही याच जोडीतून होते. सह्याद्रीच्या रानातला हिरडा गोळा करून त्यावर पोट भरणारी माणसे होती आणि आहेत, ती या गुणामुळेच.

या घरगुती ज्ञानाचा कसोटी म्हणून उपयोग केल्याची सर्वांत जुनी लेखी नोंद मात्र रोमची आहे. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकात सृष्टीविषयीचा एक विशाल ग्रंथ लिहिला. पुढे इसवी सन ७९ मध्ये व्हिसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला त्यात तो मरण पावला. त्या काळी जंगाल, म्हणजे तांब्यावर धरणारा हिरवा गंज, औषधात आणि रंगात महागड्या किमतीने विकला जाई, आणि लबाड व्यापारी त्यात स्वस्त हिराकस मिसळीत. प्लिनीने उपाय सांगितला आहे तो असा: पपायरसचा तुकडा मायफळाच्या अर्कात भिजवावा आणि त्यावर संशयित जंगाल लावावा, भेसळ असेल तर तुकडा तत्काळ काळा पडेल. रसायनशास्त्राचे इतिहासकार याला जगातल्या पहिल्या नोंदलेल्या रासायनिक कसोट्यांपैकी एक मानतात.

आता हे मायफळ कोणते? ओकाच्या झाडावर कीटक अंडी घालतो तेथे जी गाठ येते ती. मराठी वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नाही. घरोघरच्या बाळगुटीच्या डब्यात वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांच्या शेजारी ते बसलेले असते, आणि त्याच्या बाजूला बाळहिरडा. म्हणजे रोमच्या प्लिनीची प्रयोगशाळा आणि आपल्या सह्याद्रीची प्रयोगशाळा या दोन्ही आमच्या आजीने एकाच डब्यात घालून फळीवर ठेवल्या होत्या. सहाणेवर उगाळून ती बाळाच्या जिभेला लावी; पाण्याला लावून पाहावे असे मात्र कोणाला सुचले नाही.

ते सुचले युरोपात, आणि तेही औषधी झऱ्यांच्या नादाने. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिकडच्या श्रीमंतांत झऱ्याचे पाणी पिण्याची आणि त्यात डुंबण्याची मोठी टूम निघाली होती. अमुक झऱ्यात लोह आहे, ते पंडुरोगावर चालते, अशी जाहिरात होई. मग खरेच लोह आहे की नाही हे पाहण्याची गरज पडली. इंग्लंडच्या रॉबर्ट बॉइलने १६८५ साली खनिज पाण्यांच्या परीक्षेवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात मायफळाच्या अर्काचा उपयोग आहे. स्वीडनच्या टोर्बेर्न बर्गमनने १७७८ मध्ये पाण्याच्या पृथक्करणाचा पद्धतशीर ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून पाणी तपासणे हे वैद्याच्या तर्काचे काम न राहता रीतसर शास्त्र झाले.

दरम्यान एक विलक्षण अपघात घडून गेला होता. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा माणूस किरमिजी तांबडा रंग करीत बसला होता. त्याच्या कृतीत हिराकस होते आणि एक क्षार होता. तो क्षार पूर्वी प्राणिज तेलाच्या कामात वापरलेला, म्हणून अशुद्ध होता. तांबड्याच्या ऐवजी भांड्यात गर्द निळा रंग उतरला. हाच तो प्रसिद्ध प्रशियन निळा. चित्रकारांना स्वस्त निळा मिळाला आणि पाणी तपासणारांना नवी कसोटी मिळाली. लोखंड असेल तेथेच हा निळा उमटे. मायफळाने काळा, या नव्या क्षाराने निळा, आणि एकोणिसाव्या शतकात थायोसायनेट नावाचा आणखी एक पदार्थ आला, त्याने रक्तासारखा लाल. महाविद्यालयात रसायनाचे प्रात्यक्षिक केलेल्यांना परीक्षानळीतला तो लाल रंग आठवत असेल. निर्जीव लोखंड तीन जणांना तीन रंगांनी ओळख देते, हे पाहून वर्गातली मुले हरखतात. मोठ्यांनीही हरखायला हरकत नाही.

पण ‘आहे’ एवढे कळून भागत नाही. ‘किती आहे’ हे कळावे लागते. त्यासाठी युक्ती निघाली ती रंगाच्या गडदपणाची. ज्ञात प्रमाणात लोखंड घातलेल्या पाण्याच्या नळ्या ओळीने उभ्या करायच्या आणि आपल्या पाण्याचा रंग कोणत्या नळीशी जुळतो ते वरून डोकावून पाहायचे. सोनार जसा कसोटीच्या दगडावर आपल्या सोन्याचा कस आणि माहीत असलेल्या सोन्याचा कस शेजारी शेजारी लावून पाहतो, तसेच हे. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी गावचा जोसेफ लव्हिबॉन्ड हा बिअर गाळणारा गृहस्थ. आपल्या मालाचा रंग दर खेपेस सारखा यावा म्हणून त्याने रंगीत काचांचे एक उपकरण तयार केले आणि १८८५ साली त्याचा कारखाना काढला. बिअरसाठी निघालेली काचेची ही जुळवाजुळव पुढे नळाच्या आणि पोहण्याच्या तलावांच्या पाण्यासाठी जगभर वापरात आली. १८९८ मध्ये फेनॅन्थ्रोलीन या पदार्थाची फेरस लोखंडाशी होणारी नारिंगी-तांबडी जोडी प्रसिद्ध झाली, आणि आज पाण्यातले लोखंड मोजण्याची नेहमीची पद्धत तिच्यावरच उभी आहे. लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी लोखंड तिला सापडते.

या पद्धतीत एक मर्म आहे. फेनॅन्थ्रोलीन फक्त फेरस लोखंडाशीच बोलते. क्लोरीन घातलेल्या तलावात तर सारे लोखंड फेरिक झालेले, आणि त्यातले बरेच कणांच्या रूपाने तळाशी बसलेले. वरचे निवळ पाणी घेऊन थेट परीक्षा केली तर ‘लोखंड नाही’ असे उत्तर यायचे, आणि ते खोटे ठरायचे. म्हणून नमुना कणांसकट घ्यायचा, त्यात आम्ल घालून गंज विरघळवायचा, मग एक औषध घालून फेरिकचे पुन्हा फेरस करायचे, आणि नंतरच रंग पाहायचा. साक्षीदाराला धीर देऊन, त्याच्या भाषेत प्रश्न विचारल्याशिवाय तो खरे सांगत नाही, हे कोर्टकचेरीत जितके खरे तितकेच येथेही.

कोणी विचारील की एवढा खटाटोप कशासाठी? लोखंड काही विष नव्हे. ते रक्तात हवेच असते. आपल्याकडे तर लोहभस्म खातात आणि पंडुरोग्याला लोखंडी कढईतली भाजी द्या म्हणून सांगतात. हे सर्व खरे आहे. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोखंड गेले की कपड्यांना आणि भांड्यांना तांबडे डाग पडू लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन सांगते. तेथे प्रश्न मुख्यतः डागांचा आणि चवीचा आहे. तलावाच्या बाबतीत मात्र लोखंड दोन प्रकारे घात करते, आणि ते दोन्ही प्रकार डोळ्यांना दिसत नाहीत.

पहिला प्रकार चोरीचा. एक मिलिग्रॅम फेरस लोखंडाचे फेरिक होताना सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडते. जंतूंसाठी टाकलेले औषध लोखंडच खाऊन टाकते. माप नेहमीचेच पडलेले असते, वहीत नोंदही झालेली असते, पण पाण्यात रक्षणाला उरते थोडे.

दुसरा प्रकार याहून वाईट, खोट्या साक्षीचा. पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही हे पाहण्यासाठी आपल्याकडे ‘ओटी टेस्ट’ फार वर्षे चालत आली आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक परीक्षानळीत नळाचे पाणी घेतो, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो, आणि पाणी पिवळे झाले की ‘क्लोरीन आहे’ अशी नोंद करतो. फेरिक लोखंड पुरेसे असले तर तेही या द्रवाशी पिवळा रंग देते! म्हणजे ज्या लोखंडाने क्लोरीन खाल्ले, तेच क्लोरीनचा वेष घेऊन तपासनिसापुढे उभे राहते. नळी पिवळी, वहीत शेरा ‘ठीक’, आणि पाणी उघडे पडलेले. कॉलरा, कावीळ, हगवण यांना आत यायला याहून मोठे दार कोणते हवे?

जुन्या जाणत्या रसायनज्ञांनी यावरही तोड काढली होती. एका नळीत आधी असे औषध घालायचे की पाण्यातले सारे क्लोरीन मारले जाईल, आणि मग ऑर्थोटोलिडीन टाकायचे. तरीही पिवळा रंग आला तर तो तोतयाचा समजायचा आणि हिशेबातून वजा करायचा. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने पुढे तोतया उभा राहिला, तेव्हा पेशवाईने त्याचीही अशीच कसून चौकशी केली होती. आता अनेक ठिकाणी पिवळ्याऐवजी गुलाबी रंग देणाऱ्या गोळीने क्लोरीन पाहतात. तरी जेथे बोअरचे पाणी आहे तेथे क्लोरीनच्या परीक्षेअगोदर लोखंडाची परीक्षा करून ठेवणे हेच शहाणपणाचे. लोखंड निघालेच तर उपायही फार अवघड नसतो. पाणी पायऱ्यापायऱ्यांवरून खाली सोडले की त्यात हवा मिसळते, लोखंडाचा गंज होतो, आणि मग वाळूच्या थरातून ते गाळता येते. जलशुद्धीकरण केंद्रातल्या त्या पायऱ्या पाहिल्या की एखाद्या घाटाचीच आठवण व्हावी.

घाटाची गोष्ट निघाली म्हणून रामकुंडाकडे पुन्हा वळतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळाने ते कोरडे पडले. ज्या कुंडात अस्थी विसर्जित करायला देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात, त्यात टँकरने पाणी आणून ओतावे लागले. हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांच्या पोटात कालवले असेल. पण भावना बाजूला ठेवून पाहिले तर त्या दिवसांत रामकुंड हे वाहत्या नदीचे कुंड राहिले नव्हते. बाहेरून भरलेला, न वाहणारा असा तो एक हौद झाला होता, आणि हौदाला जे नियम लागू पडतात ते सारे त्यालाही लागू पडत होते. आधीच २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास पात्रातल्या कुंडांचे तळ काँक्रीटने बांधले गेले, आणि त्यामुळे तळचे झरे बुजले असे म्हणून ते काँक्रीट काढण्याची मागणी नागरिकांनी न्यायालयापर्यंत नेली. नदीचे वाहणे जितके कमी होईल तितकी माणसाची जबाबदारी वाढत जाते. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडात आणि कुशावर्तात लक्षावधी माणसे डुबकी मारणार. त्यांच्यासाठी त्या पाण्याला काय काय विचारायला हवे याची यादी मोठी आहे, आणि लोखंड हा त्यातला एक लहानसाच प्रश्न आहे. पण लहान प्रश्न नीट विचारण्याची सवय असलेला माणूसच मोठा प्रश्न विचारतो.

असे म्हटले की काही भाविकांना दुखावल्यासारखे वाटते. गंगेची परीक्षा घेणारे तुम्ही कोण, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देईन. चांदवडला होळकरांची टाकसाळ होती आणि चांदवडी रुपया बाजारात चाले. त्या काळी पेढीवर रुपया आला की पोतदार तो वाजवून पाही, कस लावून पाही, आणि मगच थैलीत टाकी. त्याने छापावर अविश्वास दाखवला असे कोणी म्हटले नाही. उलट, पोतदार होते म्हणूनच त्या छापाची पत बाजारात टिकली. तीर्थाचेही तसेच आहे. पावित्र्य हा छाप झाला. तो श्रद्धेने उमटवलेला आहे आणि कोणत्याही परीक्षानळीने तो पुसला जाणार नाही. पाण्याचा कस मात्र पोतदारानेच पाहायचा असतो.

त्या पोतदाराची पहिली हत्यारे, एक मायफळ आणि एक हिरडा, आपल्या घरच्या बाळगुटीच्या डब्यात पडलेलीच आहेत. या सुटीत मुलांना एवढे करू द्या. डाळिंबाच्या सालींचा काढा दोन पांढऱ्या कपांत घ्या. एकात नळाचे पाणी घाला, दुसऱ्यात बोअरचे, आणि तासभर ठेवून पाहा. कसोटी जुनी आहे, थोड्या लोखंडाला ती दाद देणार नाही. पण एखाद्या कपात काळी सावली उतरली, तर निवळशंख पाण्यातही काही लपलेले असते हा धडा मुले पुन्हा विसरणार नाहीत. कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या धड्याहून तो पक्का बसेल.